उजवं पान

करवंदपाडा
१२ फेब्रुवारी २००७

पुष्पे,

खुशाली विचारत नाही. तुझी खुशाली मला दुसरीकडून कळते. वावरच्या दवाखान्यात बदली करून घेतलीस, खोली मिळाली, हेही दुसरीकडूनच कळलं.

वेणूचं ठरलेलं लगीन मोडलं. तुला माहीत असेलच, तरी मी लिहिते. नंतर ताईनं सांगितलं नाही म्हणू नको.

परवा जव्हारहून मंगळूभाऊ आले, उमेशचे वडील. ओटीवर बसले पण पाणी घेतलं नाही. मी तेव्हाच ओळखलं. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, "गोजाबाई, हे आधी सांगायला पाहिजे होतं."

टीबीच्या वहीची झेरॉक्स. अठरा नावं. चौदावं नाव आपल्या वेणूचं. वय सतरा, बापाचं नाव, पाडा, थुंकी तपासली ती तारीख, सगळं.

"आमचं पोर शाळेत शिकवतं," म्हणाले. "उद्या पोरांच्या आईबापांनी मला विचारलं तर काय सांगू?"

मी म्हटलं, बरी होऊन चार वर्षं होत आली. तर म्हणाले, "कुठं लिहिलंय?"

मी कागद उलटा केला. मागं कोरा. बरी झाली असं त्या कागदावर कुठंच नाही.

पुष्पे, अक्षर तुझं आहे. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढायची तुझी खोड मी पाटीवर पाहिलेली आहे. आणि २००३ साली मी तुला काय म्हटलं होतं ते आठव. पोरीचं नाव खोटं टाक म्हटलं होतं. दुसरं कायही लिही, पण वेणू लिहू नको. तू म्हणालीस, "ताई, औषधाचा डबा नावानं येतो. खोट्या नावाचा डबा दुसऱ्याच्या घरी जाईल." सहा महिने तू समोर उभी राहून तिला गोळ्या गिळवल्यास, ते मी नाकारत नाही. पण नाव तू टाकलंस आणि वही तुझ्या कपाटात होती.

कागद बाहेर कसा पडला ते सांगते. टेंभुर्डीच्या, तुझ्याच जुन्या दवाखान्यातून कुणाच्या तरी अर्जाचं उत्तर म्हणून लखोटा आला. पोष्टमन आपला चढ चढत नाही, सगळं टपाल खाली सावळाच्या दुकानात टाकतो. आणि सावळा फोडून वाचतो, हे तुला नवीन नाही. आपल्या आजाच्या वेळेपासून दुकानावर पत्र वाचायची रीत आहे. मनीऑर्डर वाचतो, कोर्टाचं बोलावणं वाचतो, कुणाच्या जावयानं घातलेल्या शिव्या असल्या तर त्याही वाचतो. त्या दिवशी मी मोखाड्याच्या बाजारात. त्यानं यादी बिडीचा खोकला काढत काढत वाचून दाखवली. समोर पंधरावीस माणूस. तिथून कुणीतरी तोच कागद उचलून जव्हारला पोचवला.

मी त्याच्या अंगावर गेले तर म्हणतो, "मी काय केला, गोजाबाय? आलेला वाचला. रोज वाचतो तसा."

त्याचं सोड. त्याला अक्कल असती तर दुकान कशाला टाकलं असतं. मला एवढंच सांग, वहीचं पान कपाटातून कुणी काढलं? आणि नवव्या नावावर शाईचा डाग आहे. सतरा नावं स्वच्छ आणि एकच काळं. कुणाला वाचवलंस? माझ्या पोरीला नाही, एवढं नक्की.

हे पत्र मी स्वतः लिहिलं. चौथीपर्यंतच्या अक्षरात जेवढं जमलं तेवढं. रुपीच्या हाती देते, तिचं माहेर वावरजवळ वांगणीला, ती तुझ्या दारात आणून देईल. भाताच्या शितानं चिकटवलंय. सुटलेलं दिसलं तर रुपीला तिथंच विचार.

गोजा


५ एप्रिल २००७

पुष्पे,

दोन महिन्यांनी उत्तर, तेही दोन ओळी. "ताई, मी दिलेलं नाही. अर्ज कुणाचा होता ते तूच बघ."

अर्ज आमच्या बचत गटाचा होता. मी लपवलं म्हणू नको. तू विचारलं नव्हतंस.

उपकेंद्रात काय असतं तुला ठाऊक आहे. ताप आला, पांढरी गोळी. जुलाब झाले, तीच गोळी अर्धी. सरकारी औषधं येतात म्हणतात मग जातात कुठं, हे आम्ही माहितीच्या अधिकारात विचारलं. कायदा नवा आहे, भावेश मास्तरला त्याचं फार वेड. त्यानं अर्ज लिहिला, अकरा बायांनी सह्या-अंगठे केले. मी अध्यक्ष म्हणून पहिली सही माझी. आम्ही औषधं विचारली. माणसं विचारली नव्हती. माणसं कुणी दिली, हा माझा प्रश्न आहे. डॉक्टर वही लिहीत नाही. शिपाई लिहीत नाही. नर्स लिहिते. आणि लखोटा निघाला त्याच महिन्यात नर्स वावरला निघून गेली. यात मी काय समजायचं?

पहिलं अपील केलं. जव्हारला वरच्या साहेबापुढं बोलावणं आलं. साहेब चहा पीत होता. म्हणाला, "बाई, अपील माहिती मिळाली नाही म्हणून करतात. तुम्हाला तर मिळाली."

मी म्हटलं, जास्त मिळाली. परत घ्या.

म्हणाला, "परत घ्यायचा फॉर्म नसतो."

भावेश मला बाहेर ओढत होता. म्हणतो, याच्यावर आयोग असतो, तो मोठा, तो ऑफिसरला दंड करतो. मी म्हटलं, मग तिथंच जायचं होतं, इथं कशाला आणलंस? तर म्हणतो, पायरीनं जावं लागतं. हे मास्तर लोक पायऱ्या मोजण्यातच म्हातारे होतात.

वेणू बालवाडीत जाते अजून. तिथं ती मदतनीस आहे ना, खिचडी करते, पोरांची तोंडं धुते. तीन घरांनी पोरं पाठवायची बंद केली. काल एकीनं तिच्या हातचा डबा गोठ्यात नेऊन गायीपुढं ओतला. वेणू मला म्हणाली नाही, मी स्वतः पाहिलं. त्या बाईला मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

घरात वेणू बोलत नाही. जात्यावर नागली दळायला बसली की दळतच राहते, पीठ सांडेपर्यंत. तुझं नाव निघालं तर उठून जाते. का उठून जाते, ते मला कळत नाही. तुला कळत असेल तर कळव. तुमचं दोघींचं माझ्या पाठीमागं काय चालतं, देव जाणे.

गोजा


२६ ऑगस्ट २००७

पुष्पे,

आयोगाकडं तक्रार गेली. हे सांगायला लिहीत नाही. दुसरं सांगायचंय.

जव्हारला अनीसभाईचं झेरॉक्सचं दुकान आहे. आधी शिवणकाम करायचा, आता मशीन घेतली. तक्रारीला जोडायला त्या यादीची नक्कल काढायची होती. मी कागद उलटा करून दिला आणि म्हटलं, वाचू नको.

म्हणाला, "चाची, मशीन वाचते, मी नाही." बायको मदीना आतून हसली.

मग कागद बाहेर आला तसा त्याच्याकडं एकदा पाहिलंच त्यानं. पाहिल्याशिवाय कोण राहतो? म्हणाला, "हे अर्धं आहे."

मी म्हटलं, अर्धं कसं? अठरा ओळी आहेत.

"ओळी पुऱ्या आहेत, पान अर्धं आहे. ही बघा, उजवीकडं वहीची शिवण दिसते, काळी पट्टी. मोठ्या वहीत नाव डाव्या पानावर असतं आणि पुढचं सगळं उजव्या पानावर. मशीनवर एकच पान बसतं. दुसऱ्यासाठी वही फिरवून धरायला लागते, हात दुखतात. सरकारी माणूस डावं काढतो आणि निघतो. माझ्याकडं रोज अर्धे उतारे येतात."

मी विचारलं, उजव्या पानावर काय असतं? म्हणाला, "पुढं काय झालं ते."

पुष्पे, तू वही लिहायचीस. उजव्या पानावर तू काय लिहिलंस? बरी लिहिलंस ना? की लिहायचं राहिलं? तुझ्या कामाची मला खात्री नाही आणि तुझ्या सचोटीचीही नाही. चार महिने कळवलं नाहीस, आता तरी कळव.

अजून एक. तो नववा डाग. अनीसभाई म्हणाला, मशीनचा डाग असा नसतो, हा पेनाचा आहे, घासून घासून केलाय, कागद फाटत आलाय बघा. म्हणजे मुद्दाम. माझा संशय खरा निघाला. आता फक्त माणूस सापडायचा राहिलाय.

वेणूला खोकला आला होता, पावसाचा. दोन दिवस तिनं मला कळू दिला नाही. तोंडात पदर कोंबून खोकत होती. तेव्हा तुझा राग आला आणि तूच पाहिजे होतीस असंही वाटलं. दोन्ही लिहिते, खोडत नाही.

गोजा


१८ जानेवारी २००८

पुष्पे,

परवा ठाण्याला आयोगापुढं उभी राहिले. तू काही विचारत नाहीस, तरी सांगते. सांगायला दुसरं कुणी नाही. वेणूचा बाप असता तर त्याला सांगितलं असतं, आणि तो झोपला असता.

मोठी खोली, भिंतीला घड्याळ. साहेब म्हातारा, चष्मा कपाळावर, आवाज हळू. एका बाजूला दवाखान्याचा क्लार्क, मागं बाकावर आपापल्या तक्रारी घेऊन आलेले दहाबारा लोक.

"काय पाहिजे तुम्हाला, बाई?"

मी म्हटलं, दोन गोष्टी. यादी परत घ्या. आणि देणाऱ्याला शिक्षा करा. वेणूचं नाव, तिचं लगीन, सगळं सांगितलं.

त्यानं पुरं ऐकलं, हे त्याचं चांगलं. मग म्हणाला, "बाई, कायद्यानं दिलंय तेवढंच मी करू शकतो. माहिती दिली नाही, उशिरा दिली, खोटी दिली, तर मी ऑफिसरला दंड लावतो. देऊ नये ती दिली, याला दंडाचं कलम माझ्याकडं नाही."

मी म्हटलं, म्हणजे राखणदारानं दार उघडलं नाही तर शिक्षा, आणि चोराला उघडून दिलं तर काही नाही?

मागचे हसले. साहेब हसला नाही. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. पण माझा कायदा दार उघडायचा आहे. बंद ठेवायचा वेगळा कायदा आपल्याकडं झालेला नाही. नावं द्यायला नको होती, असं मी निकालात लिहितो. पुढं रुग्णांची नावं देऊ नका, असंही लिहितो."

"आणि गेली ती?"

"गेलेली परत आणायचा हुकूम मला काढता येत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्ट."

मी म्हटलं, लोकांच्या तोंडातली यादी कोणतं कोर्ट काढतं? त्यानं चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "मुलगी किती वर्षांची?" एकवीस संपली, म्हटलं. "मग तक्रार तिची व्हायला पाहिजे. ती आलीय का? तिनं तुम्हाला पाठवलंय?"

वेणू घरी होती. ठाण्याला कशाला जातेस, हेही तिनं विचारलं नव्हतं. आणि त्या खोलीत अनोळखी माणसांपुढं मी तिचं नाव चारदा घेतलं होतं, आजारासकट. हे मला जिन्यावर आल्यावर कळलं.

मग फाईल चाळताना साहेब मला आणखी एक बोलला. ते आज लिहीत नाही.

मी निघालेच होते. भावेश म्हणाला, अर्ध्या पानाचं सांगा. मी परत वळले, झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि अनीसभाईनं दाखवली तशी काळी पट्टी दाखवली. म्हटलं, हे अर्धं आहे. ती आजारी होती ते दिलंत. बरी झाली ते कुठंय?

साहेबानं क्लार्ककडं पाहिलं. क्लार्क म्हणाला, "मोठी वही आहे साहेब, मशीनवर एकच पान बसतं."

तेव्हा त्यानं पेन उचलला, तोवर नुसता बोलत होता. "अर्धी दिलेली म्हणजे न दिलेली," म्हणाला. "हे माझ्या हातात आहे. चौदाव्या ओळीचा उजवा भाग पंधरा दिवसांत यांना द्या. फक्त ती ओळ, बाकीच्या झाका. आणि फाईल यांना बघू द्या."

दिलेलं काढून घेता येत नाही, आणखी देता येतं. असा हा आयोग. पण पेन उचलला, एवढं खरं.

फाईल मी बघणार आहे. कुणी दिलं ते तिच्यात असणारच. तू तयारीत राहा.

गोजा


२१ फेब्रुवारी २००८

पुष्पे,

चार दिवस लिहायला बसते आणि उठते.

साहेब मला काय बोलला ते आधी. फाईल चाळताना म्हणाला, "गोजाबाई तुम्हीच ना? मागणाऱ्या तुम्ही, मिळालं तुम्हाला, आणि तक्रारही तुमचीच." मला वाटलं, म्हाताऱ्याचा गोंधळ झाला. असं तुला लिहायचं ठरवलं होतं. पण तसं वाटलं नव्हतं. म्हणून तर मागच्या पत्रात ते लिहिलं नाही.

मी एकटी टेंभुर्डीला गेले. भावेशला घेतलं नाही. क्लार्कनं फाईल पुढं ठेवली, दोरी मीच सोडली. पहिलाच कागद आमचा अर्ज. भावेशच्या गोल अक्षरात, कोणकोणती औषधे किती दिली. आणि त्या ओळीच्या डोक्यावर निळ्या पेनानं, वाकडं: कुणाला दिली ते नावानिशी द्या.

ते अक्षर माझं आहे.

विसरले होते म्हणू का? विसरले नव्हते. भावेश म्हणालाही होता, काकू, नावं कशाला? मी म्हटलं, नावं नाही मागितली तर कुणाच्याही नावावर औषध दाखवतील आणि बाहेर विकतील. पेन घेतला आणि लिहिलं. आणि आता पुरतंच सांगते. विकते असा वहीम माझा तुझ्यावर होता. नावं हातात आली की एकेका घरी जाऊन विचारणार होते, बाई, नर्सनं तुला खरंच औषध दिलं का? तुला पकडायला मी जाळं टाकलं आणि माझीच पोर त्यात सापडली.

दुसरा कागद तुझा. लांब शेपटीच्या अक्षरात. "ही नावे आजारी माणसांची आहेत. झाकून द्यावीत. तोंडी सांगितले ते ऐकले नाही म्हणून लेखी देत आहे." खाली लाल पेनात कुणाची तरी सही: "अर्जदारानेच नावानिशी मागितले आहे. द्यावे."

मी तो कागद तीनदा वाचला. क्लार्क म्हणाला, "बाई, झालं का? जेवणाची सुट्टी झाली." मी म्हटलं, तू जेव.

त्याच्या मागं तुझ्या बदलीची नक्कल. टिपणीनंतर तेरा दिवसांची तारीख. बदली तू करून घेतलेली नव्हतीस. टिपणीमुळं झाली का, ते फाईलमध्ये लिहिलेलं नाही. तू सांगशील का?

वर्षभर मी तुला जे लिहिलं ते परत घे, असं मला म्हण. मी येऊन घेऊन जाईन. ते तरी माझ्या हातात आहे.

दवाखान्याकडच्या यादीवर नववं नाव स्वच्छ आहे. डाग तिथं पडलेला नाही, आपल्या चढाखाली पडला. नववं नाव सावळाचं. स्वतःचं नाव खोडून त्यानं बाकी सतरा वाचली.

आता उजव्या पानाचं. लखोटा सावळाच्या दुकानात नको म्हणून अनीसभाईच्या पत्त्यावर मागवला होता. त्यानं न फोडता दिला आणि मशीनकडं तोंड करून बसला. "चाची, मी बघत नाही. मदीना, तू पण नको." मी उघडला. साहेबानं एक ओळ म्हटली होती, बाकी झाका म्हटलं होतं. मशीनवर पान बसलं, यांनी पान दिलं. अठराच्या अठरा ओळी. नावं नाहीत, नुसते आकडे, पण डावं पान माझ्या पिशवीतच होतं.

चौदा. सहा महिने पूर्ण. थुंकी स्वच्छ. बरी.

तुझ्याच अक्षरात. लिहायचं राहिलं नव्हतं.

तिथूनच मंगळूभाऊंकडं गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "कागद खरा असेल, पण आता लोकांच्या तोंडात गेलंय. ठेवून जा, विचार करतो." मी म्हटलं, ठेवत नाही. वाचायचा तेवढा इथंच वाचा. ह्या पानावर दुसऱ्यांचंही आहे. कागद घडी करून निघाले.

माझ्या डोक्यात एकच होतं. सावळानं जिथं वाचलं तिथंच, दुकानावर, बाजाराच्या दिवशी, मोठ्यानं वाचायचं. चौदा, बरी. आणि नऊ काय ते पण वाचायचं.

घरी येऊन वेणूला दाखवलं. तिनं बरी वाचलं. म्हणाली, "हे मला माहीत होतं, आई. मीच तर झाले बरी."

मी म्हटलं, उद्या दुकानावर वाचते.

"कुणाला विचारून?" म्हणाली. पुष्पे, वर्षात पहिल्यांदा ती माझ्यावर आवाज चढवून बोलली. "अर्ज टाकताना विचारलं नाहीस. ठाण्याला जाताना विचारलं नाहीस. आता परत? खाली बघ, सात काय लिहिलंय. अकरा काय लिहिलंय."

सात, मयत. अकरा, मयत. सात म्हणजे बारक्याची बायको.

"त्यांनी दुकानावर ऐकायचं का?" वेणू म्हणाली. "आणि मावशीला तू वर्षभर काय काय लिहिलंस ते मला रुपीनं सांगितलंय. शीत वाळलं की सुटतं, आई."

दुकानावर गेले नाही. एकेका घरी गेले, ज्याची ओळ त्याला वाचून दाखवली, बाकीच्या ओळींवर हात धरून. सोळाव्या ओळीची बाई हसायलाच लागली. म्हणाली, "गोजाबाय, मी बरी झाले हे सांगायला तू एवढा डोंगर चढलीस?" बारक्या शेतात होता. मी म्हटलं, तुझ्या बायकोचं ह्याच्यावर लिहिलंय, वाचू का? त्यानं विळा बांधावर ठेवला. मग म्हणाला, "कागदावर पण मेली का?" मी हो म्हटलं. म्हणाला, "मग कुणीतरी लिहून ठेवलं, बरं झालं."

सावळाकडं अजून गेलेले नाही.

गोजा


२ मार्च २००८

पुष्पे,

हे पत्र घेऊन आलेला माणूस नववा आहे.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा गेले. त्यानं माझ्या हातात कागद पाहिला आणि उभा राहिला. म्हणाला, "वाच. सगळ्यांना बोलाव आणि वाच. मी तुझ्या पोरीचा वाचला, तू माझा वाच."

मी म्हटलं, बस खाली. ओळीवर बोट ठेवून हळू वाचलं. नऊ. दुसऱ्या महिन्यात औषध सोडले. पुढं तू लिहिलंस, घरी तीन वेळा गेले, भेटला नाही.

म्हणाला, "मागच्या दारानं जायचो. नर्सबाय आली की अख्ख्या पाड्याला कळतं कशाला आली. दुकान कोण चढला असता माझा?"

मग खोकला आला. मी इतकी वर्षं त्याला बिडीचा खोकला समजत होते. तूही त्याच्याकडून गूळ घेतलास, मीही घेतला. रुमालावर काय पडलं ते त्यानं मुठीत लपवलं, पण मी पाहिलं.

म्हटलं, टेंभुर्डीला चल. नाही म्हणाला, तिथली वही सगळ्या गावानं वाचलीय. मोखाड्याला? तिथं सगळे ओळखीचे. मग मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, माझी बहीण वावरला आहे, तिनं नावं झाकायला लेखी दिलं होतं, मी स्वतः वाचलंय. त्यानं रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाला, "ती मला ओळखेल." मी म्हटलं, ओळखेल आणि शिव्या देईल, पण कुणाला सांगणार नाही. आज पहिल्या जीपनं निघतोय.

पत्र त्याच्याच हाती देते, शितानं न चिकटवता. फोडायची सवय आहे त्याला, आणि यातलं बरंचसं त्याचंच आहे.

त्याचं नाव खरं टाक. डबा दुसऱ्याच्या घरी जायला नको. त्याला समोर उभी राहून गोळ्या गिळव, जशा वेणूला गिळवल्यास. मागचं दार असेल तर त्याला कडी घाल. आणि वहीची दोन्ही पानं लिही.

मंगळूभाऊंचा उमेश मागच्या आठवड्यात बालवाडीत येऊन गेला, एकटाच. वेणू त्याला काय म्हणाली, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. हे वाचून तू हसशील.

बोहाड्याला ये. पहिल्या रात्रीची मुखवट्यांची सोंगं चुकली तरी चालतील, जेवायला ये. आणि खुशाली कळव. मला ती दुसरीकडून कळायला नको.

तुझी ताई,
गोजा